पाऊण इंचाचा उतार

सोमवार, ६ सप्टेंबर १९३७

ही वही वजनकाट्याच्या ऑफिसात गेल्या हंगामापासून कोरी पडली होती. मॅनेजरना विचारून घेतली. शनिवारच्या सभेत मला पोर्ट कार्न महिला क्लबचा मोजणीदार नेमलं. नेमणूक झाली की नोंद ठेवावी. नाहीतर आठवणीवर विसंबावं लागतं, आणि माझा आठवणीवर विश्वास नाही.

माझं नाव कॅप्टन ट्रेगेन्झांनी सुचवलं. ते म्हणाले, "रॉडाचा ऑल्विन घ्या. गव्हाच्या पोत्यावर माशी बसली तर तो माशीचं वजन वजा करतो." सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. माशीचं वजन आमच्या काट्यावर येतच नाही.

क्लबात नऊ मुली आहेत. आठ धावतात. उंच उडी एकटी व्हर्ना मारते, कॅप्टनची मुलगी. ती ट्रेम्बाथांच्या कापडदुकानात काउंटरवर असते. वय वीस, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी बारा वर्षं पुरी होताच शाळा सोडली. ती शेवटपर्यंत शिकली. तरी बोलताना ती हे कधी जाणवू देत नाही.

चॅपलच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या मोकळ्या जागेत उडीचं मैदान आहे. कॅप्टननी ते स्वतः केलं. खाणीच्या ढिगाऱ्यातला बारीक चुरा गाडीनं आणला, पसरला, पाणी मारून धुमसानं ठोकला. खाण बंद होऊन चौदा वर्षं झाली, पण एकेकाळी जमिनीखाली त्यांच्या हुकमात साठ माणसं होती, म्हणून ते अजून कॅप्टनच. पडायच्या खड्ड्यात किनाऱ्यावरचं वाळलेलं शेवाळ भरलंय. मऊ आहे, पण वास कपड्यांना लागतो.

ॲडलेडहून नियमांचं कार्ड आलं. उंची काठीच्या मध्यावर मोजायची, आणि जिथून उडी घेतली त्या पातळीपासून. पाठ केलं.

शनिवार, १८ सप्टेंबर

व्हर्नानं आज पाच फूट अर्धा इंच पार केलं.

घाईनं लिहीत नाही. क्रमानं लिहितो. वारा दक्षिणेचा, हलका. चार फूट आठपासून सुरुवात. चार फूट अकराला एकदा काठी पडली, दुसऱ्यांदा पार. मग तिनं काठी एकदम पाच फूट अर्ध्या इंचावर ठेवायला सांगितली. मी म्हटलं, आधी पाच फूट लावू. ती म्हणाली, "पाच फुटाला मला भीती वाटते. आकडा गोल आहे ना, म्हणून. त्याच्या पुढचा लाव, तो ओळखीचा नाही."

डावीकडून सात पावलं, मग पाय कात्रीसारखे एकामागून एक वर. काठी हललीसुद्धा नाही. मी उडीआधी मोजलं होतं, उडीनंतर पुन्हा मोजलं. टेप पोलादी आहे, ऑफिसातली. दोन्ही वेळा तोच आकडा.

निवड समितीनं कळवलंय की बाहेरगावच्या मुलींनी पाच फूट केल्याचा दोन सह्यांचा दाखला पाठवला, तर डिसेंबरात ॲडलेडच्या चाचणीला बोलावतील. चाचणीतून दोघी निवडतील, आणि त्या फेब्रुवारीत सिडनीला ब्रिटिश साम्राज्याच्या क्रीडास्पर्धेत उतरतील. दाखल्यावर क्लबतर्फे मिस्टर ट्रेम्बाथांनी सही केली आणि खाली मी. माझी सही थोडी वाकडी आली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय मोजून आलास?" आकडा सांगितला. म्हणाली, "आणि तिचे केस कसे होते?" मोकळे होते, मागे फीत बांधलेली, निळी. आईला हे कशाला हवं होतं कोण जाणे.

बुधवार, २९ सप्टेंबर

चॅपलच्या विश्वस्तांची बैठक. जागा चॅपलची असल्यानं मुलींनी काय घालायचं हे ते ठरवणार. मिसेस ट्रेम्बाथ बोलायला उठल्या. त्यांचं म्हणणं, उडी मारताना गुडघा दिसतो.

कॅप्टन मागच्या बाकावरून म्हणाले, "गुडघा सगळ्यांनाच असतो, ट्रेम्बाथबाई. चॅपलमध्ये आपण त्यावरच टेकतो."

मिसेस ट्रेम्बाथ खाली बसल्या. शेवटी ठरलं की गुडघ्याखाली दोन इंच अशी विजार असावी, आणि रविवारी मैदानावर कुणी पाऊल ठेवू नये. दोन इंच कोण मोजणार, असं मी विचारलं. लोक का हसले ते या वेळी कळलं, आणि मी खाली बसलो.

सोमवार, ११ ऑक्टोबर

पहाटे पाऊस. इथल्या मानानं बराच, सव्वा इंच. धक्क्यावरची पोती ताडपत्रीखाली असल्यानं वाचली. संध्याकाळी मैदानावर गेलो. धावायची जागा कोरडी होती, पण काठीच्या बरोबर खाली पाणी साचलं होतं, लांबट, बशीभर खोल. डब्यानं उपसलं. शेवाळ भिजून वास सुटलाय. दोन दिवस सराव नाही.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

ॲडलेडहून बोलावणं आलं. १८ डिसेंबर. व्हर्नानं पत्र काउंटरवर कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवून वाचलं. मी दोरा घ्यायला गेलो होतो म्हणून मला तिथेच कळलं. तिनं मला पत्र वाचायला दिलं आणि म्हणाली, "खाली तुझं नाव आहे बघ. ‘मोजणीदार रॉडा यांच्या दाखल्यावरून.’" खरंच होतं. असं छापील कागदावर माझं नाव पूर्वी कधी आलं नव्हतं.

गावात आनंद आहे. मिसेस ट्रेम्बाथ स्वतः विजार शिवून देणार आहेत. गुडघ्याचं काही बोलल्या नाहीत.

शनिवार, २३ ऑक्टोबर

सरावानंतर व्हर्ना आणि मी चॅपलपासून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आलो. ती म्हणाली, सिडनीला निवड होवो न होवो, ती ॲडलेडला मावशीकडे राहणार. तिथे एका बिस्किट कारखान्याच्या मुलींचा क्लब आहे, गवताचं मैदान आहे, शिकवणारी बाई आहे. इथे उंच उडी मारणारी ती एकटी; दुसरीची उडी बघायला मिळत नाही तर स्वतःची काय कळणार?

मी म्हटलं, बरोबर आहे.

ती म्हणाली, "एवढंच?"

मी म्हटलं, बिस्किट कारखान्यात पगार ठरलेला असतो, ते चांगलं. मग ती घरी गेली.

आज तेरा उड्या. सर्वोत्तम चार फूट अकरा.

सोमवार, २५ ऑक्टोबर

संध्याकाळी मैदानावर गेलो. तिथे कुणी नव्हतं. सोबत आठ फुटी सरळ फळी आणि ऑफिसच्या सुताराची पाणसळ नेली. का नेली हे लिहायला हवं. त्या दिवशी साचलेलं पाणी आठवलं. पाणी साचतं ते खोलात.

फळीचं एक टोक व्हर्ना जिथे उडीचा पाय टेकते तिथे ठेवलं, दुसरं काठीखाली. पाणसळीतला बुडबुडा एका अंगाला गेला. काठीखालचं टोक उचलून बुडबुडा मध्ये आणला आणि खालची फट मोजली. पाऊण इंच. फळी उलटी करून पुन्हा मोजलं. पाऊण इंच. पाणसळ उलटी करून पुन्हा. पाऊण इंच.

म्हणजे ती उडी घेते ती जागा काठीखालच्या जमिनीपेक्षा पाऊण इंच उंच आहे. मी टेप काठीखाली टेकवून मोजलं. नियमाप्रमाणे उडीच्या पातळीपासून मोजायला हवं होतं. तिची खरी उडी चार फूट पावणेबारा इंच. पाच फुटाला पाव इंच कमी. दाखला खोटा आहे आणि त्यावर माझी सही आहे.

नियम मला पाठ होता. जमीन सपाट आहे असं मी गृहीत धरलं. वजनकाटा रोज सकाळी रिकामा तपासतो तसं मैदान तपासायला हवं होतं.

बुधवार, २७ ऑक्टोबर

कॅप्टनना आडून विचारलं की मैदान करताना उतार ठेवला होता का. ते अभिमानानं म्हणाले, "ठेवला म्हणजे काय, लेका! खाणीत पाण्याला वाट दिली नाही तर माणसं मरतात. चाळीस वर्षांत मी सपाट जमीन केलेली नाही. धावणाऱ्याच्या पायाखाली पाणी राहता कामा नये. सगळं खड्ड्याकडे जातं, शेवाळ पितं."

आमच्या गावात वर्षाला तेरा इंच पाऊस पडतो. हे मी बोललो नाही.

शनिवार, ३० ऑक्टोबर

निवड समितीला पत्र लिहिलं. एक शब्द शंकेचा होता, शब्दकोशात पाहिला, चुकला होता, म्हणून पूर्ण पत्र पुन्हा लिहिलं. टाकलं नाही. टाकलं तर बोलावणं रद्द होईल आणि ती जाणार नाही. नाही टाकलं तर एखाद्या दुसऱ्या मुलीची जागा आम्ही पाव इंच चोरून घेतली असं होईल.

आई म्हणाली, जेवत का नाहीस. पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, अर्धी ठेवली होती. पोटाचं कारण सांगितलं.

बुधवार, ३ नोव्हेंबर

व्हर्नाला सांगितलं. दुकान बंद होताना गेलो. ती गजानं छीट मोजून गुंडाळत होती. मी सगळं क्रमानं सांगितलं: पाणी, फळी, पाणसळ, पाऊण इंच. पत्रही दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"पाणी कधी पाहिलंस?"

अकराला, मी सांगितलं.

"आणि फळी कधी लावलीस?"

पंचवीसला.

"मी जाणार म्हणाले ते कधी?"

तेवीसला. तारखा तिला ठाऊक होत्या; मला का विचारत होती कोण जाणे.

तिनं छिटीचा गठ्ठा मांडणीवर सरकवला. म्हणाली, "ऑल्विन, तुला तो उतार हवा होता, म्हणून सापडला."

मी म्हटलं, मला नको होता, पण होता. त्यावर ती म्हणाली की उतार होता हे ती नाकारत नाही. पत्र तिनं स्वतःकडे ठेवलं. उद्या टपालात ती टाकणार आहे. मी म्हटलं, चूक माझी, टाकायचं मी. तिनं दिलं नाही. बाबांना मात्र तू सांग, म्हणाली.

तिच्या बोलण्याचा अर्थ मी बराच वेळ लावत बसलो. ती रागावली असणार. माणूस रागात अन्याय करतो.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

कॅप्टनना सांगितलं. ते परसात कोबीला पाणी घालत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले की माझी पाणसळ खराब असेल. मी म्हटलं, उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाले, फळी वाकडी असेल. तीही उलटून पाहिली होती. मग बराच वेळ त्यांनी एकाच कोबीला पाणी घातलं.

"सही करायच्या आधी बघायचं, पोरा."

हो, म्हटलं.

"आता बघून काय उपयोग? माझ्या पोरीची वाट मीच खणून ठेवली म्हणायची." आणि घरात गेले. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनिवार, १३ नोव्हेंबर

समितीचं उत्तर आलं. दाखला रद्द. मात्र पुढचं वाक्य असं: चूक आपण होऊन कळवली म्हणून ११ डिसेंबरपर्यंत, बाहेरगावच्या पंचासमोर, सपाट केलेल्या जमिनीवर पाच फूट पुन्हा पार केल्यास बोलावणं कायम राहील. पंच म्हणून बारा मैलांवरच्या शाळेतल्या मिस क्विल्टींचं नाव दिलंय. मिस्टर ट्रेम्बाथ म्हणाले, बाई कॅथलिक आहेत, आपल्या चॅपलच्या नाहीत. मग म्हणाले, पण मोजणीत काही फरक पडू नये.

व्हर्नानं पत्र वाचून मला परत दिलं. म्हणाली, "आता जमीन तूच सपाट कर. तुझ्याशिवाय मी कुणाचं ऐकणार नाही."

मंगळवार, १६ नोव्हेंबर

कामावरून सुटल्यावर कुदळ घेऊन गेलो, तर कॅप्टन माझ्याआधी तिथे होते. निम्मी जागा उकरून झाली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती तुझी पाणसळ इकडे आण." दोघांनी सात वाजेपर्यंत काम केलं. ते ठोकायचे, मी बुडबुडा बघायचो. दोनदा त्यांचा हात आपोआप उतार द्यायला गेला. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच थांबून शिवी दिली. जमिनीला की स्वतःला, कळलं नाही.

शेवटी म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा जमीन सपाट केली. पाऊस आला तर लोक मला हसतील."

शनिवार, २७ नोव्हेंबर

सराव. नव्या जमिनीवर चार फूट अकरा पार. पाच फुटाला तिन्ही वेळा काठी पडली. तिचं पाऊल चुकतंय. उतार गेल्यानं तिला जमीन वर आल्यासारखी वाटते. पाऊण इंच डोळ्याला दिसत नाही, पायाला दिसतो.

मी तिला म्हटलं, सातऐवजी आठ पावलं घेऊन बघ. कुठून सुचलं ठाऊक नाही. मी आजवर फक्त मोजत आलोय. तिनं घेतली. काठी हलली पण पडली नाही. ती खड्ड्यातून शेवाळ झटकत उठली आणि माझ्याकडे बघून हसली. मी मोजायला विसरलो. त्यामुळे ती उडी धरता येत नाही.

शनिवार, ४ डिसेंबर

जे झालं ते आहे तसं लिहितो.

मिस क्विल्टी अकराच्या गाडीनं आल्या. ठेंगण्या, जाड चष्मा. पाणसळ स्वतः लावून पाहिली आणि म्हणाल्या की इतकी सपाट जमीन त्यांनी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे. कॅप्टन कुंपणापाशी तोंड फिरवून उभे होते. निम्मं गाव होतं. ऊन ९६ अंश फॅरनहाइट.

पहिली उडी, पाडली. दुसरी, पाडली. तिसरीआधी व्हर्ना बराच वेळ खाली बघत उभी राहिली. मग आठ पावलं, आणि गेली. टाच काठीला घासली. काठी खुंट्यांवर नाचली आणि राहिली.

नियमाप्रमाणे उडीनंतर पुन्हा मोजायचं. काठी नाचली असली की थोडी सरकते. मिस क्विल्टींच्या चष्म्यावर घाम आला होता. त्या म्हणाल्या, "मिस्टर रॉडा, तुम्हीच वाचा. तुमच्या पत्रानंतर तुमच्या डोळ्यांवर मी माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवते."

मी टेप लावली. सगळ्यांकडे माझी पाठ होती. आकडा फक्त मला दिसत होता.

पाच फुटांची रेघ काठीच्या वरच्या कडेला होती. वरच्या कडेला, की केसभर वर? मी अंगठ्यानं टेप थोडी वर सरकवली असती तर ती केसभर वर दिसली असती. मी ‘केसभर कमी’ म्हटलं असतं, तर कुणी एक शब्द विचारला नसता. पाऊण इंचासाठी स्वतःविरुद्ध पत्र लिहिणाऱ्या माणसाला कोण विचारणार? आणि मग ती इथेच राहिली असती. शनिवारी सराव, सोमवारी काउंटर.

हे सगळं माझ्या मनात आलं. आलं म्हणून लिहितो. ते आलं तेव्हा ३ तारखेला ती दुकानात काय म्हणाली होती ते मला कळलं. एक महिना आणि एक दिवस लागला.

टेप ताणली. मोठ्यानं वाचलं: "पाच फूट. पूर्ण."

टाळ्या झाल्या. कॅप्टन कुंपणापासून पुढे आले आणि मिस क्विल्टींचा हात हातात घेऊन हलवत राहिले. व्हर्ना नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला तुला."

हो, म्हटलं.

गुरुवार, १६ डिसेंबर

ती आज गेली. गाडी सात मिनिटं उशिरा. फलाटावर चॅपलची सगळी मंडळी. मिसेस ट्रेम्बाथांनी विजार कागदात बांधून दिली आणि कानात काहीतरी सांगितलं. व्हर्ना लाल झाली, मग हसली.

बॅग आत ठेवून द्यायला मी चढलो. एवढीच वेळ होती म्हणून बोललो. "व्हर्ना, मी जमीन मोजली ती तू जाऊ नयेस म्हणून."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुझ्या आईला ठाऊक आहे. ट्रेम्बाथबाईंना ठाऊक आहे. एक तूच राहिला होतास."

मी म्हटलं, पण उतार होता.

"होता ना. म्हणून तर तुझ्यावर धड रागावतासुद्धा आलं नाही." शिट्टी झाली. "उतर आता, नाहीतर ॲडलेडला पोचशील."

उतरलो.

मंगळवार, २१ डिसेंबर

धक्क्यावर दिवसभर पोती. दुपारी कॅप्टन वजनकाट्यावर आले. त्यांनी काम संपेपर्यंत बाहेर वाट पाहिली. व्हर्नाचं पत्र आलं होतं आणि त्यांचा चष्मा घरी राहिला होता, असं ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. मी पत्र वाचून दाखवलं.

ती तिसरी आली. घ्यायच्या होत्या दोघी. तिनं लिहिलंय: "इथलं मैदान परातीसारखं सपाट आहे. त्यामुळे हरल्याचं खापर कशावर फोडता येत नाही. त्या दोघी माझ्याहून उंच उडतात, एवढंच. मी पाच फूट एक इंच केलं." बिस्किट कारखान्यात सोमवारपासून काम आहे.

कॅप्टननी विचारलं, "एक इंच? सपाट जमिनीवरून?"

हो, म्हटलं.

"माझ्या उतारावरून किती होतं ते?"

खरं धरलं तर चार फूट पावणेबारा.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग पत्र घडी करून आतल्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, सिडनीवाल्यांना काय कळतंय. जाताना चाल ताठ होती.

सोमवार, १७ जानेवारी १९३८

मला व्हर्नाचं पत्र. दोन पानं. तिथली शिकवणारी बाई तिला नवी तऱ्हा शिकवते आहे, काठीवरून आडवं होऊन जायचं. पंचांना ते अजून पसंत नाही. मावशी खूप बोलते. शेवटी लिहिलंय: "शनिवारी सराव असतो, पण मोजायला इथे धड माणूस नाही. टेप काठीच्या टोकाला लावतात, मध्यावर नाही. तूच सांग काय करायचं."

नियमांचं कार्ड पाकिटात घातलं आणि मध्यावर मोजण्याच्या कलमाखाली रेघ ओढली. पाकीट बंद करणार तेवढ्यात आईनं पत्र हातातून घेतलं, वाचलं, आणि कपाळाला हात लावला.

"कार्ड कसलं पाठवतोस, मेल्या? शनिवार कधी आहे?"

बावीसला, म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पत्र पुन्हा वाचलं. शेवटची ओळ तिसऱ्यांदा वाचली तेव्हा हातातलं पाकीट खाली ठेवलं.

ऐन हंगामात रजा मिळत नाही. तरी दुपारी मॅनेजरच्या टेबलावर अर्ज ठेवला, शनिवारसाठी. अर्जात ‘कारण’ असा रकाना असतो. मी तो नेहमी पूर्ण भरतो. आज एकच शब्द लिहिला: खाजगी.

मॅनेजरनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.